सासूबाईंची वाट ठेवा, बाकीचं लॉन जाऊ द्या

वाचकाचं पत्र:

ताई, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचा बंगला आहे. पुढे साधारण १२०० चौरस फुटांचं लॉन आहे. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा हौसेने केलेलं. ते जाऊन दोन वर्षं झाली. मार्च लागला की टँकर मागवावा लागतो आणि त्यातलं बरंचसं पाणी लॉनच पितं. मला तिथे आपल्याकडची देशी झाडं लावायची आहेत. हे म्हणतात, ‘बाबांचं लॉन उखडायचं नाही.’ सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. रोज संध्याकाळी लॉनवर अनवाणी फिरतात. रान माजेल, साप येतील, अशी त्यांना भीती वाटते. नर्सरीवाल्याने देशी बाग म्हणून यादी दिली आहे: बोगनवेल, पांढरा चाफा, पिवळा टॅबेबुया, कॉस्मॉस आणि लाल घाणेरी. आठ दिवसांत सगळं करून देतो म्हणतो. सुरुवात कुठून करू?

– एक वाचक, पुणे

ताई,

सासूबाईंना अनवाणी चालायला हिरवळ लागते, तर ती ठेवा. सगळी नको, २०० चौरस फूट पुरे. व्हरांड्याच्या पायरीपासून निघणारा सहा-सात फूट रुंद आणि तीसेक फूट लांब पट्टा. वय ७८ असताना रोज संध्याकाळी स्वतःच्या पायांनी मोकळ्यावर चालणं यापेक्षा मोठं काम त्या लॉनने आजवर केलेलं नाही. ते काम सुरूच राहिलं पाहिजे. उरलेली हजार फूट जागा दोन पावसाळ्यांत, दोन टप्प्यांत बदला. आठ दिवसांत करून देणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा.

हे मी केवळ घरातल्यांची मनं राखायला सांगत नाही, पाण्याचा हिशेबही तेच सांगतो. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर रोज निदान पाच मिलिमीटर धरा. तुमचे १२०० चौरस फूट म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला साडेपाचशे लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर अठरा दिवसांत संपला. तेच २०० चौरस फुटांना रोज नव्वद-पंच्याण्णव लिटर लागतात, २०० लिटरचं पिंप निम्मंही होत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवलंत तर त्यातलाही थोडा भाग घरातूनच निघेल. म्हणजे पट्टा राखूनही लॉनच्या पाण्यातले सहातले पाच हिस्से वाचतात. यजमानांशी बोलताना हा कागद पुढे ठेवा, पण बोलण्याची सुरुवात त्याने करू नका.

सुरुवात सासऱ्यांपासून करा. लॉन ही त्यांची हौस होती म्हणजे नेमकं काय होतं? रविवारी सकाळी ते पाइप घेऊन उभे राहायचे का? नातवंडांना तिथे खेळवायचे का? खुर्ची टाकून पेपर वाचायचे का? मुलगा ‘उखडायचं नाही’ म्हणतो तेव्हा त्याला गवताबद्दल बोलायचं नसतं. वडील जिथे बसायचे ती जागा पुसली जाईल, हे त्याला सहन होत नाही. म्हणून राखायचा पट्टा कुठला, हे त्यांनाच ठरवू द्या. ते ऑफिसला गेलेले असताना कुदळ चालवू नका. माझ्याकडे अशी पत्रं बरीच येतात. ज्या घरांत एकाने गुपचूप काम उरकलं, तिथे झाडं जगली तरी बागेत बसायला दोघं एकत्र येत नाहीत.

आणि एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. तुमच्या लॉनमध्ये हरळी नक्की असणार, तीस वर्षांच्या कुठल्याही लॉनमध्ये ती असतेच. हरळी म्हणजेच दूर्वा. शेतकरी जिला शिव्या देतो आणि आपण एकवीसच्या जुड्या करून गणपतीला वाहतो, ती एकच वनस्पती आहे. अस्सल इथली. तेव्हा बाबांच्या लॉनमधलं इथलं जे होतं, ते आपण ठेवतोच आहोत.

आता नर्सरीच्या यादीबद्दल, कारण तिथे तुमची सरळ फसवणूक होते आहे. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. चाफा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. टॅबेबुया, कॉस्मॉस, घाणेरी यांची मूळ घरंही अमेरिकेतच. पाचपैकी एकही इथलं नाही. चाफ्याबद्दल मला राग नाही. देवळाच्या पारावर तो इतकी वर्षं आहे की परका वाटत नाही आणि तो कुठे पसरतही नाही. सासूबाईंना हवा असेल तर एक लावा. पण घाणेरी आणि कॉस्मॉस अजिबात नकोत. घाणेरीने डोंगरच्या डोंगर गिळले आहेत. कॉस्मॉस सप्टेंबरमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर पिवळाधमक दिसतो, लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. पण त्याच जागेत आपल्या पावसाळी रानफुलांनी उगवायचं असतं आणि तो त्यांना दाटीत जगू देत नाही. १९५० च्या दशकात गाजरगवत पुण्यातच पहिल्यांदा लक्षात आलं आणि पुढे देशभर झालं. या शहराने तरी आणखी एक पसरणारी वनस्पती हौसेने कुंपणात आणू नये.

‘देशी’ शब्दाचा आणखी एक घोळ असतो. ताम्हण आपलं राज्यपुष्प, अगदी आपलं झाड. पण ते ओढ्याकाठचं, त्याला पायाशी ओल लागते. सुरंगी कोकणातली. ही झाडं महाराष्ट्राची असली तरी सिंहगड रस्त्यावरच्या मुरमाची नाहीत. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे काढायची सवय ज्या झाडांना आहे, ती तुमची. ती बघायला पुस्तक लागत नाही. फेब्रुवारी चालू आहे, या रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जा. पानं नसलेल्या काळपट फांद्यांवर मोठी पिवळी फुलं दिसली तर ती गणेर. सालई दिसेल, मेढशिंगी दिसेल. सिंहगडाच्या उतारावर धायटीच्या काटक्यांना लाल नळ्यांसारखी फुलं लागली असतील आणि त्यांवर मध पिणारे चिमुकले शिंजीर पक्षी लटकत असतील. मात्र तिथून रोप उपटून आणू नका. टेकडी सगळ्यांची आहे आणि उपटलेलं रान-रोप बहुधा जगतही नाही. रोपं सामाजिक वनीकरणाच्या किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेतून घ्या. तिथे लहान पिशवीतली रोपं स्वस्त मिळतात आणि लहान रोपच लवकर मूळ धरतं. पाच फुटी झाड विकत घेऊन लावण्याचा मोह टाळा.

सापांचं. सासूबाईंना ‘साप येणार नाहीत’ असं सांगू नका, ते खोटं होईल. सिंहगड रस्त्याच्या बाजूला साप आहेत, लॉन असतानाही ते तुमच्या अंगणातून गेले असतील. साप येतो तो उंदरांमागे, बेडकांमागे आणि आडोशाला. म्हणून कुंपणाशी रचलेल्या विटा, जुन्या कुंड्या, लाकडं आधी हलवा. पक्ष्यांना जमिनीवर धान्य टाकत असाल तर ते बंद करा, त्याने उंदीर वाढतात. झुडपं सगळी कुंपणाच्या भिंतीकडे घ्या, चालायच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन फूट फक्त घोट्याएवढं उंच असलेलंच लावा, म्हणजे पुढे काय आहे ते दिसत राहील. पट्ट्यावर एक दिवा लावा. अंधार पडल्यावर सासूबाईंनी अनवाणी फिरू नये, मग लॉन असो की बाग. साप दिसलाच तर काठी नको, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत सापावर लांबून नजर ठेवा. आणि कुणाला चावलाच तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता थेट रुग्णालय गाठायचं.

आता खरं कष्टाचं काम: हरळी काढणं. यात लोक हरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हरळीचं गवत वरून दिसतं त्याच्या कितीतरी पट जमिनीखाली असतं. पांढरट, गाठीगाठींच्या काशा फूटभर खोल जातात. प्रत्येक गाठीतून नवं गवत फुटतं. म्हणून छोटा रोटाव्हेटर आणून ‘एका दिवसात मोकळं’ करणाऱ्यांचं ऐकू नका. एका काशीचे वीस तुकडे होतात आणि पावसात वीस हरळ्या उभ्या राहतात. पाणी तोडूनही ती मरत नाही, नुसती पिवळी पडून झोपते. मी स्वतः एका वर्षी जुलैमध्ये, ओल्या जमिनीत घाईने खणून रोपं लावली होती. गणपतीपर्यंत रोपं दिसेनाशी झाली, वर सगळी हरळी. ती रोपं वाचवता आली नाहीत आणि पुढचा उन्हाळा पुन्हा पहिल्यापासून खणण्यात गेला.

बरोबर वेळ एकच: एप्रिल-मे. मार्चमध्ये त्या भागाचं पाणी बंद करा. एप्रिलमध्ये कुदळीने फूटभर खोल खणून ढेकळं उलटी करून उन्हात टाका. आठवड्याने ढेकळं फोडून काशा वेचा. मग पुन्हा पंधरा दिवस ऊन. पुन्हा वेचा. मेअखेरीस तिसरी फेरी. वेचलेल्या काशा खताच्या खड्ड्यात टाकू नका, तिथे त्या मजेत वाढतात. गच्चीवर पसरून कडकडीत वाळवा, हातात चुरगळल्या की मगच खतात. पहिल्या वर्षी पाचशे फूटच हातात घ्या, म्हणजे हे काम नीट होईल. आणि राखलेल्या पट्ट्याची हरळी बागेत शिरू नये म्हणून कडेने शहाबादीचे तुकडे उभे पुरा, निदान आठ-नऊ इंच जमिनीखाली आणि बोटभर वर. वरचा भाग फार उंच नको, सासूबाईंच्या पायाला लागेल.

तणनाशक फवारून मोकळं व्हा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. जिथे एक आजी अनवाणी चालते तिथे मी तो देणार नाही. पुठ्ठ्याचे खोके अंथरून वर पालापाचोळा टाकायची पद्धतही सांगतील. नुसतं मेक्सिकन गवताचं लॉन असेल तर ती चालते, पण हरळी पुठ्ठ्याच्या सांध्यांतून डोकं काढते आणि आपल्याकडे पुठ्ठ्याला वाळवी लागते. घराच्या भिंतीलगत तर नकोच.

या सगळ्यात तुमच्या माळीदादांचा विचार करा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण एवढं लॉन राखायला कुणीतरी येत असणारच. लॉन गेलं की आपलं काम गेलं, असं त्यांना वाटेल. पहिल्याच दिवशी त्यांना सांगा की काम तेच राहील, पगार तोच राहील, फक्त कापणी कमी होऊन वेचणी आणि छाटणी वाढेल. काशा वेचण्याची अक्कल त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते. झाडांची गावाकडची नावंही त्यांना विचारा. आणि एक गोष्ट हात जोडून समजवा: पानं कुरतडलेली दिसली की औषध मारायचं नाही. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते, डिवचली की डोक्यातून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते, आणि शेवटी फुलपाखरू होऊन उडते. २०१५ मध्ये राज्याचं फुलपाखरू ठरलेलं ‘ब्लू मॉरमॉन’, आपली राणी पाकोळी, हीसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. त्या अळ्यांना पान मिळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.

काय लावायचं ते आता थोडक्यात. हजार फुटांत मोठी झाडं दोनच. एक बहावा, पश्चिमेकडे, घरापासून दहा-बारा फूट लांब. एप्रिल-मेमध्ये बाकी सगळं भुरकट असताना तो पिवळे झुंबर लावून उभा राहतो, आणि त्याच्या पानांवर पिवळसर पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. दुसरी मेढशिंगी, तिची पांढरी सुगंधी फुलं रात्री उमलतात. वड, पिंपळ, उंबर एवढ्या जागेत नकोत, भिंती फोडतील. भिंतीलगत धायटी, अडुळसा, निर्गुडी, पिवळी कोरांटी, कढीपत्ता, लिंबू. एका कोपऱ्यात रुई लावा. तिच्यावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या येतात. फक्त तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. नातवंडं लहान असतील तर कण्हेर आणि कळलावी टाळा, दोन्ही विषारी आहेत.

गच्चीचा पन्हाळीचा पाइप आज गटारात जात असेल. तो एका उथळ खळग्याकडे वळवा आणि तिथे वाळा लावा. गच्ची हजार फुटांची असेल तर तिच्यावर वर्षाला ६५ हजार लिटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला जितका जमिनीत मुरेल तितका झाडांच्या मुळाशी राहील.

सासूबाईंसाठी एक वाफा वेगळा ठेवा, पत्रीचा. माका, आघाडा, मरवा, तुळस, विष्णुक्रांता, डोरली. गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत जाऊन ज्या जुड्या आणतो, त्यांत कुठलं पान कुठलं हे आपल्या पिढीला ओळखता येत नाही. त्यांना येत असेल. त्या वाफ्याच्या कडेने जूनच्या पहिल्या पावसात तेरड्याचं बी टाका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, गौरींच्या सुमाराला, तो फुलतो. कितीतरी घरांत गौर म्हणून तेरडाच आणतात. तुमच्याकडे खड्यांच्या किंवा मुखवट्यांच्या गौरी असल्या तरी त्यांच्यापुढे ठेवायला अंगणातला तेरडा असेल. ज्या बागेतून आपल्या हाताने पत्री खुडता येते, तिला त्या ‘रान’ म्हणणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

लावणी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. खड्डे दीड-दोन फुटांचे. बाहेरून लाल मातीचे ट्रक मागवू नका. ही झाडं मुरमातलीच आहेत, जास्त खताने ती लुसलुशीत वाढून आडवी होतात. पायाशी पालापाचोळा चार बोटं जाड, पण खोडाला चिकटवून नको.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी मला रागाने लिहाल. एक, पाणी लगेच शून्य होत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा, प्रत्येक झाडाला पोटभर पाणी द्यावं लागेल. रोज थोडं-थोडं शिंपडू नका, त्याने मुळं वरच राहतात. तिसऱ्या वर्षी बरीचशी झाडं आपली आपण उभी राहतात. दोन, एप्रिलमध्ये बाग हिरवीगार दिसणार नाही. आपल्या माळरानावरचं गवत दिवाळीनंतर सोनेरी होतं आणि पावसाळ्यापर्यंत तसंच राहतं. बारमाही हिरव्या चटईची कल्पना बारमाही भुरभुर पावसाच्या इंग्लंडातून आली आहे. गवत कापायचं यंत्रही तिथलंच, १८३० मधलं. ती चटई मुरमावर अंथरली म्हणून आपल्याला टँकर लागतो. वाळलेल्या फांद्या पाहून मार्चमध्ये कुणी ‘मेलं सगळं’ म्हणालं, तर फांदीच्या सालीवर नखाने हलकं ओरखडून बघा. आत हिरवं असेल.

‘सुरुवात कुठून करू?’ असं विचारलंत. कुदळ एप्रिलपर्यंत लागणारच नाही. उद्या संध्याकाळी सासूबाई फिरायला निघतील तेव्हा यजमानांना बरोबर घ्या. त्या जिथून चालतात, जिथे वळतात, जिथे दम खायला थांबतात, त्या कडेने पाण्याचा पाइप जमिनीवर टाकून ठेवा. तीन-चार संध्याकाळी बघा, पाइप इकडे-तिकडे सरकवा. थांबण्याच्या जागी एक बाक लागेल, तो सासऱ्यांच्या खुर्चीच्या जागी येतो का तेही पाहा. मग त्या पाइपच्या रेघेवर चुन्याची फक्की टाका. शहाबादी त्याच रेघेवर पुरायची आहे.